साखर "बरी" होती, तरी बाबांच्या डोळ्यात रक्त उतरले. धोका नेमका कशाकशाने वाढतो?

शेवंती_फोंडा

रागात लिहिते आहे, आधीच सांगते. राग कोणा एका माणसावर नाही. इतकी वर्षे घरात डायबिटीस असून आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हते, त्याचा आहे.

बाबा ६१ वर्षांचे. फोंड्याला वरच्या बाजारात आमचे किराण्याचे दुकान. डायबिटीस १४ वर्षे. चवथीच्या चार दिवस आधी दुकानात माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे) सामान टांगत होते. उजवीकडे कोपऱ्यात कोळिष्टक दिसले म्हणून त्यांनी झाडू मारला. जाळे गेले नाही. नजर वळवली तर जाळेही वळले. तेव्हाही त्यांना वाटले चष्मा मळला असेल, धोतराच्या सोग्याने पुसला आणि कामाला लागले. "म्हज्या दोळ्यांक कांयच जावंक ना" (माझ्या डोळ्यांना काहीच झालेले नाही) हेच पालुपद. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यासमोर तांबडा-काळा धूर. आईचा चेहरा दिसेना.

पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आहे. पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्यातली एक फुटली. आणि ज्या डाव्या डोळ्याने बाबा अजून वहीत उधारी लिहितात, त्यातही तशाच वाहिन्या आहेत. उजव्यात इंजेक्शन दिले, डाव्याला लेझर सुरू केले. रात्री उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपायला सांगितले आहे, म्हणजे रक्त खाली बसेल.

मला जे पचत नाही ते हे. बाबा दरवर्षी डोळे तपासायचे. म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचे. महिन्याला उपाशीपोटी शुगर करायचे, ती १३० ते १४० यायची आणि सगळे म्हणायचे, बरी आहे. या वेळी पहिल्यांदा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, केली. ९.४ आली. प्रेशर १६०/९६. प्रेशरची गोळी होती, पण डोके दुखले तरच घ्यायचे. लघवीत प्रथिने सापडली.

मला दोन धाकटे भाऊ आहेत. एकाला साखर आहे, दुसऱ्याची काठावर. त्यांच्यासाठी विचारते: डोळ्याला धोका कोणाला जास्त? फक्त साखरेचा आकडा की आणखी काही? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चष्मेवाली_म्हापसा

ताई, वाचून फार वाईट वाटले. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, गेली बरीच वर्षे एका डोळ्यांच्या दवाखान्यात डायबिटीसच्या पेशंटचे पडद्याचे फोटो काढते. तुमच्या बाबांसारखे लोक मला आठवड्याला भेटतात, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. तक्त्यावरची अक्षरे माणूस पडद्याच्या मधल्या एका छोट्या ठिपक्याने वाचतो. तो ठिपका शाबूत असेल तर बाजूचा अर्धा पडदा खराब झालेला माणूसही शेवटची ओळ घडाघडा वाचतो. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. थेंब घालून बाहुली मोठी केल्याशिवाय किंवा पडद्याचा फोटो काढल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

आपल्याकडे खाडीकाठची बांध घातलेली खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी असे सांगते. बांध रस्त्यावरून बघितला तर धडधाकट दिसतो, आत खेकड्यांनी भोके पाडलेली असतात. खारे पाणी झिरपायला लागते तेव्हाही भात हिरवेच असते. पडद्यावरच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांचे तसेच होते. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की त्यांच्या भिंतीला आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंत फुग्यासारखी फुगते, पाझरते. पुढे वाहिनी बुजते, तेवढ्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि तो भाग रक्तासाठी हाका मारायला लागतो. त्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या ठिसूळ असतात की वाकून पिशवी उचलली नाही तरी फुटतात. तुमच्या बाबांचे तेच झाले.

धोक्यात पहिला क्रमांक वर्षांचा. साखर किती वर्षे अंगात आहे, हा प्रश्न मी आकड्याच्याही आधी विचारते. टाईप वनमध्ये (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार) २० वर्षांनंतर जवळजवळ सगळ्यांच्या पडद्यावर काही ना काही खूण सापडते, टाईप टूमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या. सगळ्यांची नजर जाते असा याचा अर्थ नाही, कृपया घाबरू नका. पण टाईप टू कधी सुरू झाला ते कोणालाच नक्की ठाऊक नसते. रिपोर्टवर १४ वर्षे असतील तर आधीची चार-पाच वर्षे न कळता गेलेली असू शकतात. म्हणूनच टाईप टू निघाला त्याच महिन्यात पडदा बघायचा, आणि मग दरवर्षी. तुमच्या साखर असलेल्या भावाने "मला तर आत्ताच निघाली" असे म्हणून थांबू नये.

आणि एक, नवीन निदान झालेल्यांसाठी. साखर वरखाली होते तेव्हा डोळ्यातली लेन्स फुगते, आकसते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. औषध सुरू झाल्यावर लगेच महागडा चष्मा करू नका. साखर काही आठवडे स्थिर होऊ द्या.

निवृत्त_सिस्टर

शेवंती, बाबांच्या रिपोर्टमधला मला सगळ्यात जास्त टोचलेला आकडा ९.४ नाही, १६०/९६ आहे.

मी ३१ वर्षे वॉर्डात काढली. आमच्या लोकांना साखर म्हटले की भीती वाटते, प्रेशर म्हटले की वाटत नाही. "डोके दुखले तर गोळी" हे मी हजारदा ऐकले असेल. प्रेशर दुखत नाही गं, पडद्याच्या पातळ वाहिन्यांवर ते रात्रंदिवस आपटत असते. ब्रिटनमध्ये टाईप टूच्या पेशंटवर वीस वर्षे चाललेला मोठा अभ्यास होता, यूकेपीडीएस. १९९८ साली त्याचे निकाल आले. त्यात एका गटाचे प्रेशर सरासरी १४४/८२ ठेवले, दुसऱ्याचे १५४/८७ राहिले. फरक फक्त दहा पॉइंटचा. नऊ वर्षांनी पहिल्या गटात पडदा बिघडत जाण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघाले. नुसत्या प्रेशरने! हा आकडा मी पेशंटना तोंडपाठ सांगायचे.

दुसरे, लघवीतली प्रथिने. मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि डोळ्याचा पडदा, दोन्हीकडे तशाच बारीक वाहिन्या. एकीकडे गळती दिसली की दुसरीकडे बघायलाच हवे. ज्यांच्या लघवीत प्रथिने जातात त्यांच्या पडद्याला धोका जास्त, आणि पडदा खराब असेल तर मूत्रपिंडही तपासून घ्या. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना लघवीचा आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बरोबर न्या. तिकडे कोणी मागत नाही म्हणून ठेवून जाऊ नका.

तिसरे, रक्त कमी असणे. आपल्या बायका आठ हिमोग्लोबिनवर संसार ओढतात. ॲनिमियाने पडद्याला आधीच कमी मिळणारा प्राणवायू आणखी कमी होतो. शिवाय ॲनिमियात एचबीएवनसी फसवते. लोह कमी असेल तर आकडा खोटा चढा येऊ शकतो. रक्तपेशी लवकर फुटत असतील किंवा डायलिसिस चालू असेल तर खोटा उतरलेला येऊ शकतो. तेव्हा हिमोग्लोबिनशेजारी ठेवूनच तो वाचायचा.

उपाशीपोटीच्या १४० चे म्हणशील तर बाबांची दिवसभराची सरासरी ९.४ वरून हिशेब केला तर सव्वादोनशेच्या आसपास येते. म्हणजे सकाळी १४०, आणि दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) जेवून दुकानात बसले की अडीचशे-पावणेतीनशे. ती दुपारची साखर कोणी मोजलीच नाही. जेवणानंतर दोन तासांची मोजायला सांग.

सत्तरीकर

थोडे वेगळे मत. मला १२ वर्षे डायबिटीस आहे. रोज कारल्याचा रस, पहाटे शेतात फेरी, गोळी एकच. मागच्या वर्षी पडदा तपासला, एकदम स्वच्छ. माझ्या मते हे सगळे ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. लोकांना उगाच घाबरवू नये असे वाटते. आमच्या वाड्यावर एकाने डोळ्यात मध घालून जाळे घालवले आहे.

निवृत्त_सिस्टर

दादा, तुमचा पडदा स्वच्छ आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. आणि तुम्ही तो तपासून घेतलात, म्हणूनच तुम्हाला हे म्हणता येते आहे. शरीराशरीरात फरक असतो हेही खरे. घराण्याचा भाग असतोच, सारखीच साखर असलेल्या दोन भावांपैकी एकाचा पडदा टिकतो आणि एकाचा जातो, असे मी पाहिले आहे. पण तो कोणता भाऊ हे आधी कळत नाही. पहाटेची फेरी सोडू नका. कारले गोळीच्या जागी घेऊ नका, एवढेच.

मधाबद्दल मात्र हात जोडून सांगते, कोणीही डोळ्यात मध, कांद्याचा रस, दूध, काहीही घालू नये. जाळे डोळ्याच्या आत, मागे असते. वरून घातलेला थेंब तिथे पोचतच नाही, बुबुळाला मात्र जखम होते. तुमच्या वाड्यावरच्या माणसाचे जाळे आपोआप खाली बसले असेल. तसे होते, आणि म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. त्यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवा. जमले तर या आठवड्यातच.

शेवंती_फोंडा

सत्तरीकर दादा, घाबरवायचा हेतू नाही. पण सहा महिन्यांपूर्वी मला कोणी घाबरवले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

सिस्टर, दुपारची साखर मोजली. २७८.

वास्को_२३

मला नवव्या वर्षापासून टाईप वन आहे, आता २३. त्यामुळे हा विषय माझ्या घरात रोजचा.

टाईप वनमध्ये नियम थोडा वेगळा आहे. त्यात आजार कधी सुरू झाला ते नक्की कळते, म्हणून निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिला तपास आणि मग दरवर्षी. वयात येतानाची वर्षे वाईट. हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, साखर उड्या मारते, आणि त्या वयात आपण कोणाचे ऐकतही नाही. मी पंधराव्या-सोळाव्या वर्षी डबा खाऊन इन्सुलिन टाळायचो, कारण वर्गात सुई काढायची लाज वाटायची. तेव्हा साडेदहा-अकरा असायची एचबीएवनसी. एकविसाव्या वर्षी पडद्यावर पहिले लाल ठिपके सापडले.

मला तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहितो, कारण त्यानेच मी सावरलो. अमेरिकेत आणि कॅनडात १९८३ ते १९९३ असा टाईप वनच्या १,४४१ जणांवर अभ्यास झाला, डीसीसीटी. निम्म्यांची एचबीएवनसी सातच्या आसपास ठेवली, बाकीच्यांची नऊच्या आसपास राहिली. ज्यांचा पडदा सुरुवातीला स्वच्छ होता, त्यांच्यात नवा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ज्यांना आधीच थोडा होता त्यांच्यात तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी सांभाळलेल्यांचा फायदा पुढे वर्षानुवर्षे टिकला. शरीर जुनी साखर विसरत नाही, वाईटही नाही आणि चांगलीही नाही. माझी वाईट वर्षे गेली, पण आता जी चांगली जमा करतो आहे तीही मोजली जाणार आहे, हे मला फार मोठे वाटले.

आणखी एक सांगायचे आहे. माझी आजी अजून म्हणते, इन्सुलिनने डोळे जातात. तिच्या बहिणीचे तसेच झाले म्हणे. खरे कारण असे की आपल्याकडे इन्सुलिन शेवटी सुरू करतात, पंधरा वर्षे गोळ्यांनी साखर आटोक्यात न आल्यावर. तोवर पडद्याचे नुकसान झालेलेच असते. मग सुई लागली आणि नजर गेली, असा मेळ लोक घालतात. या समजुतीपायी इन्सुलिन लांबवणारे किती लोक असतील, विचार करवत नाही.

मये_तळे

मी डिचोली तालुक्यात शिक्षिका आहे. वय ३२, तीन वर्षांपासून टाईप टू. आता नववा आठवडा आहे. हा धागा रात्री दोनदा वाचला आणि झोप उडाली. माझा पडदा कधीच तपासलेला नाही. सासूबाईंचे म्हणणे, गरोदरपणी डोळ्यात औषध घालायचे नाही, बाळाला बाधते. बाळंतपण होऊ दे, मग बघू. थांबले तर चालेल का?

चष्मेवाली_म्हापसा

बाय, थांबू नका. गरोदरपण हा पडद्याच्या धोक्यातला स्वतंत्र मुद्दा आहे. आधीपासून डायबिटीस असलेल्या बाईचा पडदा या नऊ महिन्यांत झपाट्याने बिघडू शकतो. हार्मोन्स बदलतात, शरीरातले रक्त वाढते, प्रेशर वाढू शकते, आणि बाळासाठी म्हणून साखर एकदम खाली आणली जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत एकदा तपास करायचाच. पुढे पडदा कसा निघतो त्यावर दर तीन महिन्यांनी, आणि बाळंतपणानंतर वर्षभरही लक्ष ठेवायचे.

थेंबांचे सांगायचे तर गरोदर बायकांचे पडदे आम्ही नेहमी बघतो. आत गेल्यागेल्या सांगा की दिवस गेले आहेत. थेंब घातल्यावर नाकाच्या बाजूला डोळ्याचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून ठेवायला आम्ही सांगतो, म्हणजे औषध अंगात कमी जाते. हाताच्या शिरेतून रंग सोडून जो फोटो काढतात तो गरोदरपणी शक्यतो टाळतात, पण साधा फोटो आणि ओसीटी स्कॅन (प्रकाशाने काढलेले पडद्याच्या थरांचे चित्र) यांत शरीरात काहीच जात नाही. गरज पडली तर लेझरही गरोदरपणी करता येते. सासूबाईंना बरोबर घेऊन या, त्यांना पडद्याचा फोटो दाखवतात. माझा अनुभव असा आहे की फोटो बघितला की मोठी माणसे आपणहून बाजूने होतात.

तुम्ही प्रेशरची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी घेत असाल तर आजच डॉक्टरांना कळवा, त्यांतल्या काही गरोदरपणी बदलाव्या लागतात.

ज्यांना साखर फक्त गरोदरपणात निघते आणि आधी नव्हती, त्यांना त्या काही महिन्यांत पडद्याचा असा धोका नसतो. पुढे आयुष्यात डायबिटीस होण्याचा असतो, म्हणून बाळंतपणानंतर साखर तपासत राहायची.

मये_तळे

शुक्रवारची वेळ घेतली. सासूबाई येणार आहेत.

आगरवाडा

माझा प्रश्न वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल. मामेभावाने आठवड्याला एकदा घ्यायचे सेमाग्लुटाईड सुरू केले. तीन महिन्यांत एचबीएवनसी ११ वरून ७ वर आली, वजन उतरले, सगळे कौतुक करताहेत. पण आता म्हणतो डोळ्याला धूसर दिसते. नेटवर वाचले की या औषधाने डोळे जातात. बंद करायला सांगू का?

निवृत्त_सिस्टर

बंद करायला सांगू नका, पडदा तपासायला सांगा, आणि धूसर दिसत असेल तर उद्याच.

२०१६ मध्ये या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत डोळ्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाल्या. त्यातले बहुतेक असे होते की ज्यांचा पडदा आधीच खराब होता आणि साखर एकदम खाली आली. साखर झपाट्याने उतरली की सुरुवातीचे काही महिने पडदा उलटा बिघडतो, हे इन्सुलिनच्या बाबतीतही जुने माहीत आहे, वर डीसीसीटीचे नाव आले त्यातही दिसले होते. पुढे जाऊन चांगल्या साखरेचाच फायदा होतो. म्हणून अकरावर असलेल्या माणसाने असे कडक औषध सुरू करण्याआधी पडदा बघून घ्यायचा, आणि खराब असेल तर डोळ्याचे उपचार आणि साखर उतरवणे हातात हात घालून करायचे. अर्थात नुसता लेन्सचा नंबर बदलल्यामुळेही धूसर दिसत असेल. पण ते घरी बसून ठरवता येणार नाही.

औषधांवरून आठवले. पायोग्लिटाझोन नावाची साखरेची गोळी काहींच्या अंगावर सूज आणते, क्वचित पडद्याच्या मध्यावरही. ज्यांना पडद्याला सूज सांगितली आहे त्यांनी आपल्या गोळ्यांची पट्टी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावी. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेले लोक डोळ्यात रक्त आले की घाबरून ती बंद करतात. तसे परस्पर करू नका. यावर फार पूर्वी मोठा अभ्यास झाला आहे, ॲस्पिरिनने डोळ्यातला रक्तस्राव वाढलेला दिसला नाही.

शेवंती_फोंडा

आठ दिवसांनी लिहिते आहे. बाबांच्या डाव्या डोळ्याच्या लेझरच्या दोन बैठका झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, लेझरने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. रात्री थोडे कमी दिसेल, बाजूचे थोडे कमी होईल. बाबांना हे ऐकवत नव्हते. बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसले, मग म्हणाले, उधारीची वही तू लिहीत जा. चाळीस वर्षांत त्यांनी ती वही कोणाच्या हातात दिलेली नाही.

उजवा डोळा थोडा निवळतो आहे. हातांची बोटे मोजता येतात. महिन्याभरात रक्त निवळले नाही तर शस्त्रक्रिया करून आतला तो रक्ताळलेला पातळ भाग काढावा लागेल म्हणतात. प्रेशरची गोळी आता आई स्वतः सकाळी चहाबरोबर हातावर ठेवते. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईडही चढे निघाले. त्यासाठी फेनोफायब्रेट द्यायचे का, त्याचा पडद्यालाही उपयोग होतो म्हणतात, ते मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून ठरवणार आहेत.

दोन भावांतल्या मोठ्याला ओढून नेले. त्याला साखर पाच वर्षे, वय ३४. नजर पूर्ण सहा बाय सहा. पडद्यावर दोन्हीकडे छोटे लाल ठिपके. सुरुवात आहे म्हणाले, आत्ता डोळ्यात काही करायचे नाही, साखर आणि प्रेशर सांभाळायचे आणि सांगितलेल्या तारखेला यायचे. तो परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी दुकानातली थंड पेयांची क्रेट मागे नेऊन ठेवली.

२०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अहवाल आला त्यात डायबिटीसचे प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघाले होते, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. तेव्हा पेपरात वाचले होते, पान उलटले होते. आता आमच्या गल्लीतली घरे मोजते. चार माणसांमागे एक. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारते, थेंब घालून पडदा बघितलात का. अजून एकही "हो" म्हणालेला नाही.

गालजीबाग

मी रोज वाचतो पण आज पहिल्यांदा लिहितो. मी काणकोणचा. टुरिस्ट टॅक्सी चालवतो, दाबोळी आणि मोपा विमानतळांवर, जास्त करून रात्रीच्या ट्रिपा. वय ४७, डायबिटीस नऊ वर्षे. जेवणाची वेळ नाही, विमानतळावर वाट बघताना पोईत भजी आणि चहा, दिवसाला आठ-दहा सिगारेटी. बायको म्हणते घोरतो आणि मध्येच श्वास बंद होतो. रात्री समोरून दिवे आले की आता त्रास होतो, तो वयामुळे असेल असे धरून चाललो होतो.

खरे सांगायचे तर पडदा तपासायला भितो. काही निघाले तर गाडी कशी चालवणार? बँकेचे हप्ते आहेत.

निवृत्त_सिस्टर

भाऊ, तुम्ही लिहिलेत हेच मोठे काम केलेत. भीती मला कळते. पण गाडी बंद पडायची वेळ येते ती उशिरा गेलेल्यांवर. वेळेत सापडले आणि वेळेत लेझर झाले तर नजर मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका खूपच कमी होतो, आणि सुरुवातीचे ठिपके असतील तर कदाचित डोळ्यात काहीच करावे लागणार नाही. शेवंतीच्या भावाचे वाचलेत ना. उलट न तपासता रात्री मागे चार माणसे घेऊन चालवणे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

दिव्यांचा त्रास मोतीबिंदूचाही असू शकतो. साखर असणाऱ्यांना तो लवकर येतो, आणि तो काढता येतो. घोरण्याचे आणि श्वास थांबण्याचे मात्र डॉक्टरांना मुद्दाम सांगा. झोपेत प्राणवायू कमी होणाऱ्यांत प्रेशर चढते आणि पडद्याचे आजारही जास्त आढळतात. सिगारेटचा पडद्याशी संबंध साखर-प्रेशरइतका सरळ सिद्ध झालेला नाही, मी खोटे सांगणार नाही. पण हृदय आणि पायाच्या वाहिन्यांसाठी ती सोडायलाच हवी.

चष्मेवाली_म्हापसा

तुम्हाला म्हापशापर्यंत यायची गरज नाही. मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डोळ्यांच्या विभागात केस पेपर काढा, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या न्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे (सरकारी आरोग्य विम्याचे) कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवा, पुढे काही करावे लागले तर काय बसते ते तिथेच विचारता येईल. "पडदा बघायचा आहे, डायबिटीस नऊ वर्षे" एवढे स्पष्ट सांगा, नाहीतर गर्दीत नुसता नंबर काढून परत पाठवतील.

गालजीबाग

मंगळवारी सकाळी मडगावला जातो. रात्रीची ट्रिप घेतलेली नाही. थेंब घातल्यावर टॅक्सी चालवत परत येता येईल का?

चष्मेवाली_म्हापसा

नाही. चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. कदंबाच्या बसने जा, काळा चष्मा न्या, आणि कोणाला तरी बरोबर घ्या.

गालजीबाग

बायकोला सांगितले. ती येते म्हणाली.